बियांच्या धड्यात आधी काय: तक्ता की माळ?

प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात बीजप्रसाराचा विषय बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावर उरकतो. डावीकडे चार साधने: वारा, पाणी, प्राणी-पक्षी आणि फळ तडकणे. उजवीकडे त्यांची उदाहरणे: रुई, नारळ, गोखरू, तेरडा. मुले तक्ता वहीत उतरवून घेतात, चाचणीत जोड्या लावतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. उलट, हा विषय फळ्यावर शिकवूच नये, मुलांना सरळ माळावर न्यावे, असा आग्रह धरणारे शिक्षक आणि पालकही आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाद एका धड्याचा दिसतो, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला विज्ञानाची पहिली ओळख कशी व्हावी, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणून तो घाईने निकालात काढू नये.

आधी तक्त्याची बाजू घेऊ, कारण तिची हेटाळणी फार सहज होते. वर्गीकरण हे विज्ञानाचे मूळ काम आहे. शाळेच्या कुंपणालगत पावसाळ्यानंतर पंधरा-वीस तऱ्हेच्या बिया सहज सापडतात. मुलाच्या मनात कप्पेच नसतील तर ती सगळी नुसती जमवाजमव होते. ‘वाऱ्याने जाणारी’ हा कप्पा ठाऊक असला की सावरीची उडती म्हातारी, शेवग्याची तीन पंखांची बी आणि वावळाचे कागदी चकतीसारखे फळ यांच्यातले साम्य डोळ्यांत भरते. शिवाय तक्ता सगळ्यांना सारखा मिळतो. गडचिरोलीतल्या मुलाला जंगल हाताशी आहे, दादरच्या चाळीतल्या मुलाला नाही. पुस्तकातला तक्ता दोघांपर्यंत त्याच शब्दांत पोचतो.

या बाजूला संशोधनाचाही आधार आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली एका गाजलेल्या लेखात मांडले की, विषयात नवख्या असलेल्या विद्यार्थ्याला पुरेसे मार्गदर्शन न देता ‘तूच शोधून काढ’ म्हणून सोडले, तर त्याच्या स्मृतीवर नको इतका ताण येतो आणि हाती थोडेच लागते. हे म्हणणे अनुभवाला धरून आहे. काय पाहायचे हे न सांगता माळावर नेलेली चाळीस मुले मनसोक्त हुंदडतात, आनंदाने परततात. पण दुसऱ्या दिवशी ‘काय पाहिले?’ असे विचारले तर ‘मजा आली’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. मजा येणे चांगलेच, पण त्याला शिकणे म्हणता येणार नाही.

वेळेचा हिशेबही टाळता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, खेळ हे सारे त्यातच बसवायचे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि आकडेमोड करता यावी, हे उद्दिष्ट ठेवले आहे. ‘मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, तिथे बिया वेचत हिंडायला वेळ कुठून आणू?’ असे विचारणारे मुख्याध्यापक विज्ञानाचे शत्रू नसतात. त्यांच्यापुढची अडचण खरी असते.

आता माळाची बाजू. तिचा सर्वांत भक्कम पुरावा दिवाळीनंतर कोणत्याही माळरानावर वाळून उभा असतो. कुसळी गवताचे एक कुसळ हातात घ्या. खालच्या अंगाला अणकुचीदार टोकाची केसाळ बी, वर पीळ भरलेली आणि मध्येच वाकलेली लांब काडी. ते कागदावर ठेवून पिळावर पाण्याचा एक थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि वाकलेली काडी सगळ्यांच्या देखत सावकाश गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ भरतो. माळावर रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन हाच खेळ करत राहतात, आणि फिरता फिरता बीचे टोक मातीत शिरते. टोकावरचे राठ केस उलट्या दिशेने वळलेले असल्याने आत शिरलेली बी सहजी बाहेर निघत नाही. हीच रचना मेंढीच्या लोकरीत आणि मुलांच्या मोज्यांत घुसते.

हे पाहिल्यावर चौथीतले मूल जे प्रश्न विचारते त्यांना तक्त्यात जागाच नाही. हे जिवंत आहे का? कोण फिरवतंय याला? मोज्यात घुसलं म्हणून प्राण्यांच्या कप्प्यात घालायचं की मातीत घुसतं म्हणून दुसरीकडे? यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरच किती रंजक आहे: काडी मृत, वाळक्या पेशींची असते, ती फक्त ओलाव्याने फुगते आणि आकसते, जीव आहे तो खालच्या बीत. एका थेंबाने मुलाला आकार आणि काम यांचा संबंध दाखवला. प्राथमिक विज्ञानात असे विषय थोडे आहेत, जिथे वस्तू हातात घेऊन तिच्या घडणीवरून तिचे काम ओळखता येते आणि ओळखलेले खरे की खोटे हे तिथल्या तिथे पडताळता येते. चुंबक त्यांतले एक, बी दुसरी. अशा विषयात उत्तर आधी आणि वस्तू नंतर, किंवा वस्तू कधीच नाही, हा क्रम मुलाच्या हातचा शोध हिरावून घेतो.

तक्त्याची दुसरी उणीव अशी की तो वास्तवापेक्षा फार नीटनेटका असतो. ‘नारळाचा प्रसार कशाने होतो?’ या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर ‘पाण्याने’. ते खोटे नाही. नारळाचे तंतुमय सोडण त्याला तरंगत ठेवते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने तो दूरवर गेला आहे. पण सिंधुदुर्गातल्या एखाद्या मुलीने ‘माणसाने’ असे लिहिले तर? तिच्या वाडीतला प्रत्येक माड आजोबांनी नाहीतर पणजोबांनी रोप आणून, खड्डा खणून लावलेला आहे. तिचे उत्तर तिच्या डोळ्यांदेखतचे आहे, आणि आज कोकण-गोव्यातल्या बागांपुरते तेच अधिक खरे आहे. त्या उत्तरावर फुली मारणारी तपासणी मुलीला एवढेच शिकवते की डोळ्यांनी दिसते ते लिहायचे नसते. जांभळाचेही असेच. त्याच्या बिया पक्षी नेतात, वटवाघळे नेतात, उदमांजर नेते आणि ओढ्याकाठच्या झाडाखाली पडलेल्या बिया पुराचे पाणीही नेते. एक बी, अनेक वाटा.

माणूस हे साधन तर तक्त्यात आलेच तर शेवटी, एका ओळीपुरते येते. आपल्या भोवतालाकडे पाहिले तर ते अग्रभागी यायला हवे. गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात ते पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असावे, असे मानले जाते. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. तिची काळी पिकलेली फळे बुलबुल, साळुंक्या खातात आणि आता ती जंगलांच्या कडा व्यापून बसली आहे. माणसाने दार उघडले, पक्ष्यांनी पुढचे काम केले. दोन साधने एकमेकांना कशी जोडली जातात, हे मुलाला शाळेच्या कुंपणावरच्या घाणेरीत दिसते. जोड्या लावण्याच्या प्रश्नात ते कधीच दिसणार नाही.

असे असले तरी ‘चला माळावर’ ही घोषणा जितकी सोपी, तितकी अंमलबजावणी नाही. पहिली अडचण सुरक्षिततेची. चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि विषबाधा झाली, अशा बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. एरंडाची बी विषारी, लालकाळी देखणी गुंज विषारी, धोतरा विषारी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, खाजकुइलीच्या शेंगेला नुसता हात लागला तरी अंगाची आग होते. ज्या शिक्षकाला ही झाडे ओळखता येत नाहीत त्याच्याकडून मुलांना रानात नेण्याची अपेक्षा करणे धोक्याचे आहे. पण याची दुसरी बाजूही पाहावी. मुले शाळा सुटल्यावर त्याच रानातून घरी जातात. चंद्रज्योत ओळखायला शिकवणे हा बीजप्रसाराच्या धड्याचा भाग झाला, तर धोका वाढणार नाही, उलट घटेल. ‘बी तोंडात घालायची नाही’ हा नियम पहिल्या पाच मिनिटांत सांगून, तो पाळला जातो की नाही हे पाहून पुढे जावे.

दुसरी अडचण शिक्षकाच्या हातातल्या वेळेची. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळायच्या, त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे. अशा शिक्षकावर आणखी एक ‘उपक्रम’ आणि त्याचे फोटो पाठवण्याची सक्ती लादली तर धडा मरतो आणि अहवाल तेवढा उरतो. वरून आलेल्या उत्साही परिपत्रकांनी अनेक चांगल्या कल्पनांची हीच गत केली आहे.

इथे शेजारच्या राज्यातला अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोग आणि परिसर यांच्या आधाराने विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, पुढे एकलव्य या संस्थेने तो वाढवला. सरकारी शाळांतले साधे शिक्षक मुलांना शेतात नेऊन, वस्तू हाताळायला देऊन विज्ञान शिकवू शकतात, हे त्याने सिद्ध केले. त्यामागे शिक्षकांची प्रशिक्षणे होती, नियमित बैठका होत्या, प्रयोगाचे साहित्य होते आणि परीक्षेची पद्धतही त्याला साजेशी बदलली होती. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. यातून दोन्ही पक्षांनी शिकावे. माळावरचे शिक्षण शक्य आहे. पण शिक्षकाच्या पाठीशी व्यवस्था उभी राहिली तरच ते टिकते, आणि व्यवस्थेने हात काढला की चांगले रुजलेलेही उखडते.

महाराष्ट्राची स्वतःची परंपराही कमी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या परिसरात ते वाढवले. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच गुरांमागे कुरणात नेली गेली, तीच कुरणशाळा. तिथले मूल आधीच जाणत होते ते शिक्षणाचे भांडवल मानले गेले. बीजप्रसाराच्या धड्यात हे भांडवल अमाप आहे. शेळ्या राखणाऱ्या मुलाला ठाऊक असते की शेळ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात आणि त्या जिथे बसतात तिथे पुढच्या पावसात बाभळी उगवतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा हा मुलगा या एका धड्यात सगळ्यांचा गुरू होऊ शकतो. चार ओळींचा तक्ता त्याला ती संधी देत नाही.

बाहेर नेण्याच्या नावाखाली सध्या जे सर्वांत लोकप्रिय आहे त्याचाही इथे विचार करायला हवा. उन्हाळ्यात माती-शेणाचे बीजगोळे करायचे आणि पावसाच्या तोंडावर डोंगरावर फेकायचे, हा उपक्रम अनेक शाळा करतात. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्या शेतीविचारामुळे ही पद्धत जगभर गेली. मुलांचे हात मातीत जातात, झाडांविषयी आपुलकी वाटते, गावही सामील होते. याचे मोल आहे. पण माळ ही मोकळी पडलेली जागा नसते. गवताळ माळ ही स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे. माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा यांचे ते घर आहे. तिथे मिळतील त्या झाडांच्या बिया फेकणे हा उपकार ठरेलच असे नाही. शिवाय बी आपली आपण कशी जाते हे पाहण्याआधीच मुलाने ती फेकायला शिकणे, हा क्रमही उलटा आहे. बीजगोळे करायचेच असतील तर आधी दोन प्रश्न सोडवावेत: इथे मुळात कोणती झाडे होती, आणि त्यांच्या बिया इथे पोचवणारे आज कोण कमी झाले? मग त्या कृतीला अर्थ येईल.

भाषेचीही एक अडचण आहे. ‘झाड आपल्या बाळांना दूर पाठवते’ अशी गोष्ट मुलांना भावते. गोष्टीवर बंदी घालण्याचे कारण नाही, कारण त्या वयात समज गोष्टीच्याच वाटेने येते. पण ती तिथेच थांबली तर मुलाला वाटते की झाडाला योजना असते आणि प्रत्येक बी कुठेतरी सुखरूप पोचते. आंब्याच्या झाडाखाली जून-जुलैत जाऊन पाहावे. कोयींतून फुटलेली डझनावारी रोपे दिसतात. मुले त्यांच्याच पिपाण्या करतात. त्यांतली पुढच्या वर्षी किती उरली, हे त्याच मुलांनी मोजावे. झाडाच्या सावलीत उजेड तोकडा, अन्नपाण्यात वाटेकरी फार. शिवाय डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी १९७०-७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले की मूळ झाडाजवळ त्याचे खास कीटक आणि रोग जमलेले असतात, म्हणून जवळ पडलेल्या बियांना धोका अधिक. बी दूर का जावी, याचे उत्तर या झाडाखालीच आहे. बहुतेक बिया मरतात, म्हणून झाडे अमाप बिया करतात, हे सत्य नऊ वर्षांच्या मुलाला झेपते. पडलेली कोय आणि सुकलेले रोप त्याने पाहिलेले असते.

हे सारे तोलल्यावर आमचे मत असे: तक्ता ठेवावा, पण त्याची जागा बदलावी. तो धड्याचा आरंभ नसावा, शेवट असावा. आधी बिया हातात, मग ‘ही कशी जात असेल, कशावरून म्हणतोस?’ हा प्रश्न, मग पडताळा, आणि मग मुलांनी स्वतः पाडलेले कप्पे पुस्तकातल्या कप्प्यांशी ताडून पाहणे. यात शिक्षकाने मुलांना वाऱ्यावर सोडायचे नाही. काय पाहायचे, काय विचारायचे, कुठे थांबायचे हे त्यानेच ठरवायचे. किर्शनर आणि सहकाऱ्यांचा आक्षेप मार्गदर्शनाच्या अभावावर आहे, आणि इथे मार्गदर्शन भरपूर आहे. तक्तावाद्यांना हवी असलेली शिस्तही राहते, आणि माळवाद्यांना हवा असलेला शोधही.

याला वर्षाकाठी दोन-दोन तासिकांच्या दोन फेऱ्या पुरतील, पण त्या ऋतूप्रमाणे हव्यात. पहिली दिवाळीच्या सुटीनंतर, जेव्हा कुसळे, आघाडा, गोखरू तयार असतात. दुसरी मार्चमध्ये, जेव्हा सावरी आणि रुईची बोंडे उकलू लागतात आणि वावळाला फळे धरलेली असतात. पुस्तकात धडा कितव्या क्रमांकावर आहे हे इथे गौण मानावे आणि धडे मागेपुढे करण्याची मुभा शिक्षकाला उघडपणे द्यावी. पहिली-दुसरीत हा विषय वेगळा शिकवू नये. तिथे बिया मोजायला, रंग-आकाराने निवडायला आणि त्यांच्याविषयी चार वाक्ये बोलायला वापराव्यात. म्हणजे वाचन-गणिताचा वेळ खाल्ला जाणार नाही, उलट त्याच कामाला बी हे साहित्य मिळेल. बीजप्रसार म्हणून विषय तिसरी-चौथीत यावा.

फार लांब जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या शाळेला समोरच्या इमारतीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ पुरे: तिसऱ्या मजल्यावर हा चढला कसा? खाडीकाठच्या शाळेने कांदळ पाहावा. त्याची बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब हिरव्या शेंगेसारखी लोंबते. ओहोटीला गळाली तर खालच्या चिखलात रुतू शकते, भरतीला गळाली तर पाण्याबरोबर जाते. ज्या शाळेला काहीच नाही तिथे शिक्षकाने शेवग्याची वाळलेली शेंग वर्गात आणावी. एक बी पंखांसकट आणि एक पंख खुडून, अशा दोन बिया बाकावर उभे राहून एकदम सोडाव्यात. कोणती आधी पडली आणि का, एवढ्यावर अर्धी तासिका रंगते.

शेवटचा आणि निर्णायक मुद्दा परीक्षेचा. प्रश्नपत्रिकेत जोड्याच लावायच्या असतील तर कोणताही शहाणा शिक्षक तक्ताच पाठ करून घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून मुलाने कधी न पाहिलेल्या एका बीचे चित्र किंवा प्रत्यक्ष बी द्यावी, ती कशी जात असेल हे विचारावे, आणि अर्धे गुण उत्तराला, अर्धे कारणाला द्यावेत. नारळ माणसाने नेला असे कारणासह लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळावेत. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आणि मूल्यमापन ठरवणाऱ्यांनी एवढा एक बदल केला तर शिक्षकांना माळावर जा म्हणून परिपत्रक काढावे लागणार नाही. मुलांकडून कारण हवे असेल तर शिक्षकाला त्यांच्या हाती बी द्यावीच लागेल.